‘ट्रक येतोय’ ते ‘ट्रक आला होता’: ईएमडीआरने नेमकं काय बदलतं?

प्रश्न: माझे मिस्टर ४१ वर्षांचे आहेत. अडीच वर्षांपूर्वी रात्री नाशिक-पुणे रस्त्यावर संगमनेरच्या अलीकडे त्यांच्या मोटारसायकलला ट्रकने उडवलं. मागे बसलेले त्यांचे जिवलग मित्र जागीच गेले. मिस्टरांचा पाय बरा झाला, पण हायवेला गाडी घालत नाहीत, एअरहॉर्न ऐकला की घामाघूम होतात, रात्री ओरडत उठतात, मुलांवर कारण नसताना भडकतात. मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या चालू आहेत, झोप थोडी सुधारली आहे. आता डॉक्टर ‘ईएमडीआर’ करून घ्या म्हणतात. मोबाइलवर पाहिलं तर कुणीतरी डोळ्यांसमोर बोटं हलवतंय! सासरे म्हणतात, ही मोहिनीविद्या आहे. मिस्टर अपघाताबद्दल घरात एक शब्द काढत नाहीत, तर तिथे जाऊन काय बोलणार? याचा खरंच फायदा होतो का? आणि आता फार उशीर झाला आहे का?

उत्तर: ताई, शेवटच्या प्रश्नांची उत्तरं आधी देते. उशीर झालेला नाही. आणि जो माणूस अपघाताबद्दल एक शब्दही काढत नाही, त्याला हा उपचार जमणार नाही असं अजिबात नाही. माझ्या अनुभवात अशाच माणसांना तो सगळ्यात जास्त कामाला येतो. मी पुण्यात बावीस वर्षं आघातातून आलेल्या लोकांसोबत काम करते आहे आणि त्यातली पंधरा वर्षं ईएमडीआर वापरते आहे. ‘आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रिप्रोसेसिंग’ या नावाचं हे लघुरूप. डोळ्यांच्या हालचालींची मदत घेऊन आघाताच्या आठवणीवर काम करणारा हा मानसोपचार आहे. तुमच्या मिस्टरांना मी पाहिलेलं नाही, त्यामुळे निदान त्यांच्या डॉक्टरांचंच. पण तुम्ही लिहिलेलं चित्र माझ्या फार ओळखीचं आहे.

आपल्याकडे या अवस्थेला एक नेमका शब्द आहे, धसका. ‘तेव्हापासून त्याने धसका घेतलाय’ असं जुनी माणसं म्हणायची, त्यातलं बरंचसं १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने पीटीएसडी (आघातानंतर टिकून राहणारा ताणाचा आजार) या नावाने आजारांच्या यादीत घातलं. नाव नवं असलं तरी दुखणं आपल्या आजीला माहीत होतं.

नवा पेशंट बोलतो तेव्हा मी त्याच्या क्रियापदांकडे कान ठेवते. एरवी आपण गोष्ट रंगवून सांगताना वर्तमानकाळ वापरतोच, ‘मी जातो तर काय, दार सताड उघडं!’ असा. पण धसका घेतलेला माणूस ‘समोरून ट्रक येतोय, लाइट डोळ्यांवर आहे’ म्हणतो, तेव्हा तो गोष्ट रंगवत नसतो. त्याची मान आखडलेली असते. खुर्चीत बसल्या बसल्या त्याचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत असतो. पंचनामा होऊन, पाय जुळून, वर्षश्राद्ध होऊन गेलं तरी त्याच्या शरीराच्या लेखी तो ट्रक अजून येतोच आहे. घरचे कळवळून म्हणतात, ‘झालं गेलं गंगेला मिळालं, आता विसर.’ त्याच्या आत मात्र ते झालेलंही नसतं आणि गेलेलंही नसतं. ईएमडीआरचा फायदा मला एका वाक्यात सांगायचा तर मी असं सांगेन: घटना वर्तमानकाळातून भूतकाळात जाते. ती पुसली जात नाही. बाकीचे सगळे फायदे, झोप, चिडचिड कमी होणं, पुन्हा गाडीवर बसणं, हे त्या एका बदलाच्या मागून येतात.

हे कसं होतं, याची या उपचारामागची मांडणी साधी आहे. रोजच्या कडू-गोड गोष्टी मेंदू पचवत असतो. भांडण झालं, अपमान झाला, तर दोन दिवस डोक्यात घोळतो, मग झोपेत, कामात, कुणाशी बोलण्यात विरत जातो आणि त्यातून घ्यायचं तेवढं उरतं. जिवावर बेतलेल्या क्षणी हे पचन अडतं. दृश्य, आवाज, डिझेलचा वास, छातीतला धक्का आणि त्या क्षणी मनात उमटलेलं एखादं वाक्य, सगळं कच्चंच एकत्र साठून राहतं. मग एअरहॉर्नसारखी एखादी खूण मिळाली की सगळं एकदम उसळतं. ही समजून घेण्यासाठी केलेली मांडणी आहे, मेंदूत बोट दाखवून सिद्ध केलेली गोष्ट नव्हे. पण पेशंटला ती पटकन उमगते आणि ‘मी वेडा होत चाललोय’ ही त्याची भीती तिथेच निम्मी होते.

आता बोटं हलवण्याबद्दल. फ्रान्सिन शपिरो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या लॉस गॅटोस इथल्या एका बागेत चालत होत्या. मनातले त्रासदायक विचार अचानक बोथट झाल्याचं त्यांना जाणवलं आणि त्या वेळी आपले डोळे झपझप इकडून तिकडे फिरत होते हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ते पद्धतशीर करून पाहिलं आणि १९८९ साली २२ आघातग्रस्तांवरचा पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हा अनेक संशोधकांनी नाकं मुरडली, आणि ते योग्यच होतं. बोट हलवून धसका जातो म्हटल्यावर पुरावा मागायलाच हवा. तो पुढे मिळत गेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली पीटीएसडीसाठी, मोठ्यांना आणि मुलांनाही, ज्या मोजक्या मानसोपचारांची शिफारस केली त्यात ईएमडीआर आहे. कोणते उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तो आहे. अमेरिकेत माजी सैनिकांवर उपचार करणाऱ्या खात्याच्या शिफारशींतही आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०१७ साली जरा हात राखून शिफारस केली, तेही सांगायला हवं.

वाद उरला आहे तो डोळ्यांबद्दल. डोळे न हलवता बाकी सगळं केलं तर तेवढाच गुण येतो का? २००१ साली उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहणाऱ्यांना डोळ्यांमुळे वेगळा फरक दिसला नाही. २०१३ सालच्या तशाच मोठ्या आढाव्यात तो दिसला. नेदरलँड्समधले मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं जे स्पष्टीकरण तपासलं आहे ते मला सगळ्यात पटतं. चालू कामापुरतं जे आपण मनात धरतो, त्याला जागा फार थोडी असते. स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखी. आघाताचं चित्र त्या ओट्यावर काढून ठेवायचं आणि त्याच वेळी हलत्या बोटाकडेही लक्ष ठेवायचं, तर दोन्हीला पुरेशी जागा मिळत नाही. चित्र आक्रसतं, फिकं पडतं. आणि परत ठेवताना ते फिकंच आत जातं. प्रयोगात असंही दिसलं आहे की उलटे आकडे मोजण्यासारख्या लक्ष खाणाऱ्या दुसऱ्या कामांनीही चित्र फिकं होतं. नुसत्या कानातल्या टिकटिकीचा परिणाम त्या मानाने कमी पडतो. म्हणजे बोटात जादू नाही. तुमच्या सासऱ्यांना हे सांगा. मोहिनीविद्येत माणूस गुंगतो असं आपण मानतो. इथे तुमचे मिस्टर टक्क जागे असतील, डोळे उघडे असतील आणि नुसता हात वर केला की काम तिथल्या तिथे थांबेल.

बोट हलवणं हा या उपचाराचा मोबाइलवर दिसणारा भाग आहे. एकूण आठ टप्पे असतात आणि माझ्या मते गुण येणं-न येणं बरंचसं पहिल्या दोनांत ठरतं. आधी पूर्वेतिहास घेतात. अपघाताच्या आधीचं आयुष्यही विचारतात, कारण कधीकधी आताच्या धसक्याखाली जुना कुठलातरी दबलेला असतो. मग तयारी. खळबळ झाली तर स्वतःला परत जमिनीवर कसं आणायचं हे आधी शिकवायचं, त्याशिवाय आठवणीला हात लावायचा नाही. मनातली एक निवांत जागा शोधतात. माझ्याकडच्या कुणाची ती आजोळची पडवी असते, बाहेर धो-धो पाऊस आणि आत भुईमुगाच्या शेंगा भाजल्याचा वास. कुणाची पंढरीच्या वाटेवरची, दिंडी विसाव्याला थांबलेली असतानाची असते. एक आजोबा म्हणाले होते, ‘मला नाही बुवा कुठली निवांत जागा.’ त्यांच्यासाठी आम्ही बैलांना वैरण घालतानाचा आवाज घेतला. तोही चालला.

घाटातून रेल्वेने जाण्याचा दाखला मी याच टप्प्यात देते. खंडाळ्याच्या घाटात गाडी बोगद्यात शिरली की काळोख होतो, आवाज वाढतो. पण आपण उठून साखळी ओढत नाही, कारण गाडी पुढे जातेय आणि बोगद्याला दुसरं तोंड आहे हे ठाऊक असतं. आठवण खिडकीबाहेरून जाईल. तुम्ही डब्यात आहात, शेजारी मी आहे. आणि अगदी नकोच झालं तर साखळी तुमच्याच हातात आहे.

त्यानंतर नेमका एक क्षण निवडतात. पूर्ण अपघात नव्हे, त्यातलं सगळ्यात जास्त बोचणारं चित्र. कित्येकदा ते धडकेचं नसतं. रस्त्यावर पडलेली मित्राची चप्पल असते किंवा त्याच्या खिशात वाजत राहिलेला फोन. त्या चित्रासोबत स्वतःबद्दलचं कोणतं वाक्य चिकटलंय ते शोधायचं. तुमच्या मिस्टरांच्या मनात ‘गाडी मी चालवत होतो, माझ्यामुळे गेला’ असं काही असेल तर मला नवल वाटणार नाही. घरात एक शब्द न निघण्यामागे बरेचदा असं वाक्य असतं. मग त्याजागी काय खरं वाटावंसं वाटतं, ते विचारतात. ‘जे हातात होतं ते मी केलं’, समजा. हे वाक्य आत्ता किती खरं वाटतं, एक ते सात? चित्र पाहताना त्रास किती, शून्य ते दहा? आणि तो शरीरात कुठे?

या जागी एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. हा उपचार पेशंटने आपल्या भाषेत करावा. प्रशिक्षणात आम्हाला अशा वाक्यांच्या इंग्रजी याद्या मिळतात. त्यातलं एक वाक्य मराठीत ‘मी असहाय आहे’ असं उतरवलं, तर संगमनेरचा कुठला माणूस तसं म्हणेल? तो म्हणेल, ‘माझ्या हातात काहीच राहिलं नव्हतं.’ बाई म्हणेल, ‘माझंच नशीब खोटं.’ कुणी म्हणेल, ‘मी करंटा.’ करंटा या शब्दात आईचा आवाज असतो, भावकीतली कुजबुज असते, लहानपणची एक दुपार असते. सुबक भाषांतर केलं की ते सगळं बाहेर राहतं आणि उपचार वरवरचा होतो. शरीराचंही तसंच. पोटात खड्डा पडणं, जीव खालीवर होणं, हातपाय गळून जाणं, छातीवर धोंडा असणं, घशाशी येणं: या पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि ‘अस्वस्थ वाटतं’ असं लिहून घेणारा थेरपिस्ट पाचही गमावतो. तुमचे मिस्टर घरात जसे बोलतात तसं जिथे बोलता येईल, अशीच जागा शोधा.

मग डोळ्यांचं काम सुरू होतं. थेरपिस्टचं बोट किंवा हलता दिवा डावीकडून उजवीकडे, पंचवीस-तीस वेळा. डोळ्यांचा त्रास असेल तर गुडघ्यांवर किंवा तळहातांवर आळीपाळीने थापटतात. थांबून एक श्वास. ‘काय येतंय?’ पेशंट दोन शब्द बोलतो, किंवा ‘तेच’ म्हणतो, किंवा नुसती मान हलवतो. ‘बरं, तिथूनच पुढे.’ पुन्हा बोट. इथेच तुमच्या काळजीचं उत्तर आहे. काय झालं ते सविस्तर सांगावं लागत नाही. आतून पाहावं लागतं, पण ओठांवर आणावं लागत नाही. ज्या घरांत पुरुषाने रडायचं नाही आणि बाईने बोलायचं नाही अशी शिस्त आहे, तिथल्या माणसांसाठी ही फार मोठी मोकळीक आहे. अत्याचार सोसलेल्या काही बायकांनी माझ्यासमोर अख्खा उपचार पुरा केला आणि त्यांच्याबाबतीत नेमकं काय घडलं ते मला आजही माहीत नाही. त्यांना बरं वाटण्यासाठी ते माझ्यापर्यंत पोचण्याची गरज नव्हती.

एक उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून दोघींचे तपशील एकत्र करून बदलले आहेत. ऑगस्ट २०१९ च्या कृष्णेच्या महापुरात सांगलीकडच्या एका बाईंच्या गोठ्यात पाणी शिरलं. कमरेएवढ्या पाण्यात त्या म्हशीचं दावं सोडवायला गेल्या. ओल्या दाव्याची गाठ सुटेना. लोकांनी त्यांना ओढून बाहेर काढलं. म्हैस गेली. पुढे वर्षभर नळाला पाणी आल्याचा आवाज झाला तरी त्यांची उजवी मूठ आवळायची, रात्री हंबरडा ऐकू यायचा. घरचे म्हणत, ‘नुकसानभरपाई मिळाली की, आता काय?’ आमचं चित्र होतं हातातलं दावं. वाक्य होतं, ‘माझ्या हातून गेली.’ त्रास दहापैकी दहा. पहिल्या दोन भेटी तयारीतच गेल्या. तिसऱ्या भेटीत डोळ्यांचं काम सुरू केलं, तेव्हा आधी मूठ इतकी आवळली की नखं रुतली, मग खांद्यात कळ आली, मग रडू. चौथ्या भेटीत बोटामागे डोळे फिरता फिरता त्या मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, ‘रेडकू मी सोडलं होतं की!’ वर्षभरात हे त्यांना एकदाही आठवलं नव्हतं. म्हशीच्या आधी त्यांनी रेडकाचं दावं सोडलं होतं आणि ते पोहत वर गेलं होतं. त्यानंतर वाक्य आपोआप बदललं, मी ते सुचवलं नाही. सहाव्या भेटीत मी पुन्हा ते चित्र आठवायला सांगितलं तर म्हणाल्या, ‘गाठ ओली होती. सुटली नाही.’ होती. नाही. मूठ मांडीवर उघडी होती. म्हशीसाठी त्या त्यानंतरही रडल्या, पण तो शोक होता, आणि तो करायला त्यांना आता जागा मिळाली होती.

शोक जात नाही, हे मी मुद्दाम सांगते आहे. तुमच्या मिस्टरांचा मित्र गेलाय. उपचारानंतर ते कदाचित पहिल्यांदाच त्यांच्यासाठी मोकळं रडतील. तेव्हा ‘त्रास वाढला’ असं समजून घाबरू नका.

फायद्याचा पुरावा म्हणून २००७ सालचा एक अमेरिकन अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. ८८ पीटीएसडीग्रस्तांना आठ आठवडे ईएमडीआर, फ्लुओक्सेटिन ही गोळी किंवा नुसती दिखाऊ गोळी यांपैकी एक दिलं. उपचार संपल्यावर सहा महिन्यांनी पाहिलं, तर ईएमडीआर घेतलेल्यांत ज्यांचा आघात मोठेपणी झाला होता त्यांच्यापैकी तीन चतुर्थांश लोक जवळपास लक्षणमुक्त होते. गोळीच्या गटात तसं कुणीच नव्हतं. अभ्यास लहान आहे, त्यावरून गोळ्या फेकून देऊ नका. गोळीने येणारी झोप हाच पुष्कळदा थेरपीचा पाया असतो, आणि गोळी कमी करायची की नाही हे डॉक्टरच ठरवतील. पण काम थांबल्यावरही गुण टिकतो, ही यातली मोलाची गोष्ट. दुसरी तितकीच महत्त्वाची: ज्यांचा आघात लहानपणचा होता, त्यांच्यात हेच प्रमाण एक तृतीयांश होतं. वर्षानुवर्षं मार खाल्लेल्या, घरातच शोषण सोसलेल्या माणसाला आठ आठवडे पुरत नाहीत. तिथे तयारीलाच महिने लागतात, आणि घाई केली तर माणूस ढासळतो. तुमच्या मिस्टरांचा आघात मोठेपणीचा, एकाच घटनेचा आहे. पूर्वेतिहासात दुसरं काही निघालं नाही, तर साठ ते नव्वद मिनिटांच्या आठ-बारा भेटी धरून चाला. काहींना त्याहून कमी लागतात.

उशिराबद्दल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून माणसं दमून झोपली होती. त्या काळी हा उपचार आपल्याकडे पोचलेला नव्हता. आपल्या देशातल्या बऱ्याच थेरपिस्टांचं प्रशिक्षण २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर सुरू झालं. किल्लारीच्या भागात तेव्हा लहान असलेली माणसं आज चाळिशीत आहेत. त्यांच्यातलं कुणी सांगतं की विसर्जनाचे ढोल सुरू झाले की पायाखालची फरशी सरकते. इतक्या जुन्या आठवणीवरही काम होतं, होताना मी पाहिलं आहे. अडीच वर्षं म्हणजे काहीच नव्हे.

आता जपायच्या गोष्टी. भेटीनंतर दोन-तीन दिवस विचित्र स्वप्नं पडतात, थकवा येतो, मध्येच कुठलातरी तुकडा आठवतो. हे अपेक्षित आहे. त्याची वहीत एका ओळीत नोंद करायची आणि पुढच्या भेटीला न्यायची. फिट्सचा आजार, अलीकडचं डोळ्यांचं ऑपरेशन, मधेच भान हरपून ‘मी इथे नव्हतोच’ असं होणं, दारू, जीव द्यायचे विचार, यातलं काहीही असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. लपवलं तर धोका आहे. झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या कोणत्या, किती, तेही सांगा, कारण काही गोळ्यांमुळे हे काम संथ होऊ शकतं. जीव द्यायची भाषा कधी कानावर आली तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका. १४४१६ हा फोनवरून मानसिक आधार देणाऱ्या सरकारच्या टेलिमानस सेवेचा नंबर रात्रीही चालतो.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. अपघाताचा दावा न्यायाधिकरणात चालू असेल आणि मिस्टरांची साक्ष व्हायची असेल, तर उपचाराआधी वकिलांशी आणि थेरपिस्टशी बोला. काम झाल्यावर चित्र फिकं होऊ शकतं, बारकावे बदलल्यासारखे वाटू शकतात, आणि समोरचा वकील त्यावर बोट ठेवू शकतो. जबाब आधीच नीट लिहून झालेला असणं बरं. बरं होणं कोर्टासाठी लांबवा असं मी म्हणत नाही, क्रम मात्र ठरवून घ्या.

थेरपिस्ट निवडताना संकोच न करता विचारा: शिक्षण काय, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, ईएमडीआरचं मूळ प्रशिक्षण पूर्ण केलं आहे का, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम केलं आहे का. ‘ईएमडीआर इंडिया’ या संघटनेकडे प्रशिक्षित लोकांची चौकशी करता येते. पहिल्याच भेटीत इतिहास न घेता बोट हलवायला लागणारा किंवा ‘एका सिटिंगमध्ये साफ’ म्हणणारा भेटला तर उठून या. पाच मिनिटांची फी गेली तर जाऊ द्या. मोबाइलवरचे ते हलत्या ठिपक्याचे व्हिडिओ लावून घरच्या घरी अपघात आठवायचा प्रयोग कृपा करून करू नका. बोगद्यात शिरायला ते पुरेसे आहेत, बाहेर काढायला कुणी नसतं.

आणि तुमच्या जवळपास ईएमडीआर करणारं कुणी मिळालंच नाही, तर हताश होऊ नका. आघातावर थेट काम करणारी सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारा बोलण्याचा मानसोपचार, हीही तितकीच भरवशाची आहे. तिच्यात बोलावं जास्त लागतं आणि घरी करायचा अभ्यास असतो, म्हणून तुमच्या मिस्टरांसाठी माझा कल ईएमडीआरकडे आहे, एवढंच.

घरी करण्यासारखी एक गोष्ट सांगते. १९९७ साली मेक्सिकोतल्या अकापुल्कोला पॉलिन चक्रीवादळाने झोडपलं. तिथे मुलांसोबत काम करताना लुसिना आर्टिगास यांना ‘फुलपाखरू मिठी’ सुचली. छातीवर दोन्ही हात आडवे घ्यायचे, बोटं कॉलरच्या हाडाखाली, आणि पंख हलवल्यासारखं एकदा डावं, एकदा उजवं हळूहळू थापटायचं, श्वास सोडत. रात्री दचकून उठल्यावर अपघात न आठवता, खोलीतल्या वस्तूंकडे पाहत हे दोन-तीन मिनिटं करायचं. तुम्हीही त्यांच्या शेजारी बसून करा. अडीच वर्षं त्या ओरडण्याने तुमचीही झोप मोडते आहे, आणि तुमच्या पत्रात तुमच्याबद्दल एक ओळही नाही, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. मुलांनाही विचारा, रात्री त्यांना काय ऐकू येतं.

त्यांना तयार करताना ‘तुम्हाला उपचाराची गरज आहे’ असं म्हणू नका. म्हणा, ‘तिथे अपघाताचं सविस्तर काही सांगावं लागत नाही म्हणे. एकदा भेटून तर येऊ, नाही पटलं तर परत नाही जायचं.’ हे खोटं नाही, पहिली भेट खरंच तेवढीच असते. अपघाताचे कागद नेऊ नका, चालू गोळ्यांची चिठ्ठी न्या. तुम्ही सोबत जा, पण बाहेर बसा. डोळ्यांचं काम सुरू होईल त्या दिवशी दुपारनंतर त्यांना कामावर जायला लावू नका, आणि परतताना गाडी दुसऱ्या कुणाला चालवू दे किंवा एसटीने या. त्या संध्याकाळी ‘आत काय झालं?’ असं विचारू नका. जेवायला वाढा. सांगावंसं वाटलं तर ते आपणहून सांगतील, आणि सांगतील तेव्हा क्रियापदाकडे जरा कान ठेवा.